तासून न संपणारी गाठ

अंगठ्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला गाठ घेऊन येणाऱ्या बहुतेक रुग्णांचे मागणे ठरलेले असते : 'हाड वाढलंय, तेवढं काढून टाका.' भोर तालुक्यातून मुलासोबत आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या मावशींचे मागणेही तेच होते. मात्र त्यांची गाठ काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात तासून झालेली होती आणि ती पुन्हा पहिल्याहून थोडी मोठीच वर आली होती.

अंगठा दुसऱ्या बोटाखाली शिरला होता आणि दुसरे बोट वर चढून इतके वाकले होते की त्यातली जोडवी सोनाराकडून कापून घ्यावी लागली होती. मी पाऊल उलटून तळवा पाहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मुळाखाली जाड, पिवळसर घट्टा पडला होता, तर अंगठ्याच्या मुळाखालची कातडी जवळजवळ मऊ होती. अंगठ्यामागचे हाड, म्हणजे पहिले मेटाटार्सल, प्रत्येक बोटामागे एक अशा पाच बहिणींत सर्वांत आखूड असले तरी सर्वांत जाड असते. त्याच्या डोक्याखाली, म्हणजे बोटाकडच्या गोल टोकाखाली, वाटाण्याएवढी दोन छोटी हाडे असतात आणि टाच उचलताना चवड्यावर येणाऱ्या भाराचा मोठा वाटा तेथून जमिनीकडे जातो. मावशींच्या पावलात ते हाड आपले काम सोडून बसले होते आणि त्याचा भार शेजारची बारीक हाडे वाहत होती. त्यांना गाठीपेक्षा घट्टाच जास्त दुखतो, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले.

वाढलेले वाटते ते हाड बहुतांशी वाढलेले नसतेच. ते मुळाशी कलते, दुसऱ्या बोटामागच्या हाडापासून दूर जाते, थोडे स्वतःभोवती फिरते, आणि त्याचे डोके आतल्या कडेला बाहेर येते, तर अंगठा उलट दिशेने ढकलला जातो. भिंत कलली असताना गिलावा खरवडून जेवढे साधेल, तेवढेच गाठ तासून साधते. मावशींनी आणलेली एक्स-रे फिल्म झोपवून काढलेली होती आणि तिच्यावर पहिल्या दोन हाडांमधला कोन १३ अंश भरत होता. दोन्ही पायांवर उभे करून नवी फिल्म काढली, तेव्हा तोच कोन १८ अंश झाला. सर्वसाधारण पावलात तो ९ अंशांपर्यंत असतो. पावलाची फिल्म उभ्यानेच काढावी, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते, कारण भार नसलेले पाऊल आपला आजार झाकून ठेवते.

हा आजार चिंचोळ्या बुटांमुळे होतो, असे सर्रास म्हटले जाते आणि त्यात तथ्यही आहे. सिम-फूक आणि हॉजसन यांनी हाँगकाँगमध्ये केलेल्या पाहणीत (१९५८) बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांचा अंगठा असा वाकलेला आढळला, तर अनवाणी राहणाऱ्यांत हे प्रमाण जेमतेम २ टक्के होते. पण मावशींनी आयुष्यभर चपलेपलीकडे काही घातले नव्हते आणि भातलावणीच्या दिवसांत तर त्या अनवाणी चिखलातच उभ्या असत. त्यांच्या आईचे पाऊल असेच होते. दुसरे हाड एका हाताने धरून मी पहिले वर-खाली हलवले, तेव्हा त्याच्या मुळाचा सांधा फारच सैल लागला. दुखण्याचे मूळ तेथेच होते.

त्यामुळे डोक्याजवळ हाड कापून सरकवण्याची सौम्य विकृतीसाठीची शस्त्रक्रिया येथे पुरली नसती. तो सैल सांधाच जोडून टाकणे आवश्यक होते. न्यूयॉर्कच्या पॉल लॅपिडस यांनी १९३४ साली मांडलेली ही पद्धत आज प्लेट आणि स्क्रूच्या आधाराने केली जाते. तिच्यात हाडे सांधली जाणे हेच सर्वस्व असते आणि तंबाखू त्याच्या आड येते. मुलगा म्हणाला, आई तंबाखू खात नाही. मावशीही म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तंबाखूला म्या कधी हात लावला न्हाई." पण त्यांच्या तर्जनीचे टोक काळपट होते. "मिश्री लावता का?" असे विचारल्यावर त्या सहज म्हणाल्या, "ती तर दातासाठी." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे समजावून ती पूर्ण सोडवली आणि शस्त्रक्रिया त्यानंतर काही आठवड्यांनी, संक्रांतीनंतर ठरवली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्वांत जास्त वेळ सांध्याच्या तळाशी गेला. हा सांधा वरून पाहता लहान वाटतो, परंतु तो सुमारे ३ सेंटीमीटर खोल असतो आणि तळाकडचा कुर्चेचा काठ सहज मागे राहून जातो. तसे झाले तर हाड खाली टेकण्याऐवजी वर उचललेले राहते. फिल्मवर अंगठा सरळ दिसतो आणि रुग्णाचा घट्टा मात्र कायम राहतो. म्हणून तो काठ दिसेपर्यंत सांधा उघडला, कुर्चा खरवडली, खालच्या कठीण हाडाला बारीक छिद्रे पाडून रक्त येऊ दिले, मग मेटाटार्सल दुसऱ्या हाडाकडे आणताना त्याचा पीळही उलटा फिरवला आणि तारांनी तात्पुरते धरले. स्क्रू लावण्यापूर्वी स्टीलचा सपाट ट्रे तळव्यावर दाबून मी पाऊल जणू उभेच केले आणि अंगठ्यामागचे डोके इतर डोक्यांच्या पातळीत टेकते की नाही, ते बोटाने चाचपले. ते किंचित वर होते. तारा काढून हाड पुन्हा खाली बसवले, ट्रे पुन्हा दाबला आणि पातळी जुळल्यावरच प्लेट लावली. वाकलेले दुसरे बोट त्यानंतर सरळ केले. गाठीचा जो थोडा भाग उरला होता, तो शेवटी तासला.

सहा आठवडे चवड्यावर भार द्यायचा नव्हता. नातवंडे असलेल्या घरात वॉकर घेऊन टाचेवर चालणे मावशींना जड गेले, पण त्यांनी ते पाळले. सहा आठवड्यांच्या फिल्मवर सांध्यातून हाड पलीकडे जाताना दिसू लागले आणि लावणीच्या सुमारास घट्टा निम्म्याहून पातळ झाला होता. संध्याकाळी पाऊल सुजते, ही तक्रार मात्र होती, आणि ती काही महिने राहणार, हे मी त्यांना आधीच सांगितले होते.

पुढच्या खेपेला त्या आपल्या लेकीला घेऊन आल्या. तिचा अंगठाही कलू लागला होता आणि आईसारखे होण्याआधीच शस्त्रक्रिया करावी, असा दोघींचा आग्रह होता. उभ्याने काढलेल्या फिल्मवर कोन ११ अंश होता, तळव्यावर घट्टा नव्हता आणि दुखणे मुळीच नव्हते. दुखत नसलेल्या पावलाला मी चाकू लावत नाही. रुंद चवड्याची पादत्राणे वापरायला आणि दुखू लागल्यास दाखवायला सांगून मी तिला परत पाठवले.