एक टक्क्याचा ढाळ

आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या उत्तर भागातील रुम्फी जिल्ह्यात, न्यिका पठाराच्या पायथ्याकडच्या एका गावात मी २०२५ च्या जून-जुलैमध्ये साडेतीन आठवडे राहिले. निमित्त फुटबॉलच्या मैदानाचे होते. परदेशांतल्या खेड्यांत स्वयंसेवकांच्या मदतीने गावकऱ्यांसाठी मैदाने तयार करणाऱ्या एका संस्थेने आम्हां नऊ जणांना तिकडे पाठवले होते. त्यांत दोन शिक्षक होते, एक दंतवैद्य होता, चार विद्यार्थी होते, नुकतेच निवृत्त झालेले एक बँक अधिकारी होते, आणि जमिनीची मोजणी हा ज्याचा व्यवसाय आहे असे माणूस मी एकटीच होते. कुदळ मात्र आमच्यापैकी कुणीच कधी चालवलेली नव्हती. मोजणी करणारा खुंट्या ठोकून बाजूला होतो, खणणारे हात दुसऱ्यांचे असतात, हे मी पहिल्याच दिवशी कबूल करून टाकले.

राजधानी लिलाँग्वेहून उत्तरेकडच्या म्झुझु शहरापर्यंतचा साधारण साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता आम्ही एका दिवसात पार केला. विफ्या पठारावरचे चिकांगावाचे पाइनचे जंगल लागले तेव्हा थंडी वाजू लागली होती. मलावीत तो हिवाळा असतो आणि उत्तरेकडच्या उंच भागात पहाटे अंगावर दोन स्वेटर लागतात, याची कल्पना आमच्यातल्या निम्म्या लोकांना नव्हती. म्झुझुहून रुम्फी आणि तिथून मातीच्या रस्त्याने गाव. वाटेत पेट्रोल पंपांवर वाहनांच्या लांब रांगा उभ्या होत्या. देशात त्या वर्षी इंधनाची मोठी टंचाई होती. सपाटीकरणासाठी येणार असलेला ट्रॅक्टर डिझेलअभावी येणार नाही, हे गावात पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी कळले. त्यामुळे जे करायचे ते कुदळ, फावडे आणि एकचाकी गाड्या यांच्याच बळावर करायचे ठरले.

मैदान म्हणून दाखवलेल्या जागेवर मुले आधीपासूनच खेळत होती. दोन्ही टोकांना विटांचे ढीग हेच गोलाचे खांब होते आणि पश्चिमेकडे गेलेला चेंडू उतारावरून थेट मक्याच्या रिकाम्या शेतात जात असे. चेंडूही घरीच केलेला. प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्यांचा घट्ट बोळा करायचा, त्यावर आणखी पिशव्या चढवायच्या आणि वरून सुतळीची जाळी विणून ती गाठींनी आवळायची. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाने माझ्यासमोर अर्ध्या तासात असा एक चेंडू तयार केला. शेवटची गाठ मारताना त्याने सुतळी दातांत धरली होती आणि चेंडू गुडघ्याखाली दाबून धरला होता. तो चेंडू उसळत नाही, पण पायाला चिकटून राहतो. अशा चेंडूवर शिकलेल्या मुलांचा पहिला स्पर्श इतका मऊ कसा, हे मला तेव्हा समजले.

मोजणीला सुरुवात केली आणि माझ्या खुंट्यांवरची सुतळी रोज सकाळी गायब होऊ लागली. आधी मला शेळ्यांचा संशय आला. तिसऱ्या दिवशी गावात चेंडूंची संख्या वाढल्याचे लक्षात आले आणि उलगडा झाला. शाळेतल्या क्रीडा शिक्षकांनी मुलांना बोलावून एक करार केला: मोजणी संपली की उरलेली सगळी सुतळी मुलांची, तोपर्यंत तिला हात लावायचा नाही. तो करार शेवटपर्यंत तंतोतंत पाळला गेला.

खेळाच्या नियमांप्रमाणे मैदानाची लांबी किमान ९० मीटर आणि रुंदी किमान ४५ मीटर असावी लागते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी साधारणपणे १०५ बाय ६८ मीटरचे मैदान पसंत केले जाते, पण आमच्या जागेच्या एका बाजूला शाळेच्या विटांची भट्टी होती आणि दुसऱ्या बाजूला लोकांची शेते होती, म्हणून आम्ही ९० बाय ६० वर थांबलो. कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, घेण्यासाठी दोरीचा ३०-४०-५० मीटरचा त्रिकोण पुरतो. नंतर दोन्ही कर्ण ताणून पाहायचे, ते १०८ मीटर १७ सेंटिमीटरच्या आसपास सारखे आले की चौकट बरोबर. आमच्या कर्णांत प्रथम ४० सेंटिमीटरचा फरक आला. दोरी ओली असल्याने तिची लांबी बदलली होती. ती उन्हात वाळवून पुन्हा मोजले.

खरे काम उंचसखलपणा मोजण्याचे होते. माझे उपकरण मी नेले नव्हते, कारण संस्थेच्या पत्रात सर्व साहित्य जागेवर असल्याचे लिहिले होते. जागेवर वीस मीटरची एक पारदर्शक नळी होती. तीत पाणी भरून, दोन टोके दोन खुंट्यांशी धरून पातळी घ्यायची ही गवंड्यांची जुनी रीत अचूक असते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. दर दहा मीटरवर एक याप्रमाणे ७० खुंट्या ठोकल्या. नळीचे एक टोक क्रीडा शिक्षक धरत आणि दुसरे मी. त्यांना तुम्बुका भाषेत आकडे मोठ्याने म्हणण्याची सवय होती, मला इंग्रजीत लिहून घेण्याची, त्यामुळे प्रत्येक आकडा दोनदा तपासला जात होता. निदान मला तसे वाटत होते.

हिशेब असा निघाला. पूर्वेकडून पश्चिमेकडे ६० मीटरमध्ये जमीन १ मीटर २० सेंटिमीटर उतरत होती, म्हणजे दोन टक्क्यांचा ढाळ. मैदान अगदी सपाट करायचे नसते. सपाट मैदानावर पावसाचे पाणी साचते आणि दोन टक्क्यांच्या उघड्या उतारावरून पहिल्याच मोठ्या पावसात वरची माती वाहून जाते. मी एक टक्का धरला. त्यासाठी पूर्वेच्या कडेला ३० सेंटिमीटर खोदाई आणि पश्चिमेच्या कडेला तेवढीच भर करावी लागणार होती. ही माती ४०५ घनमीटर होते. एकचाकी गाडीत सुमारे ६० लिटर माती मावते असे धरले, तर पावणेसात हजार खेपा झाल्या. खणलेली माती फुगते हे धरले, तर आठ हजारांच्या वर. शिवाय वरची दहा सेंटिमीटर सुपीक माती आधी खरवडून वेगळी ठेवायची आणि शेवटी परत पसरायची, नाहीतर गवत धरत नाही. हा आकडा मी गावच्या प्रमुखांसमोर मांडला तेव्हा आमच्यातले विद्यार्थी खाली बघू लागले. प्रमुखांनी मात्र फक्त एवढेच विचारले की गाड्या किती आहेत. गाड्या सात होत्या.

त्या रात्री मी माझ्या विमानाच्या तिकिटाच्या किमतीत किती गाड्या आल्या असत्या याचा विचार करत बसले, आणि तो विचार पुढे तीन आठवडे माझ्या मनातून गेला नाही. तिथे आमच्या श्रमांची कुणालाच गरज नव्हती. प्रमुखांनी वस्त्यांच्या पाळ्या लावून दिल्या. रोज पहाटे सहा वाजता तीस-चाळीस माणसे येत, दहापर्यंत खणत आणि मग तंबाखूच्या प्रतवारीला किंवा विटा थापायला निघून जात. आमचा एक विद्यार्थी, व्यायामशाळेत कमावलेल्या शरीराचा, पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला तळहातावरचे फोड दाखवत सावलीत जाऊन बसला. त्याच वेळी पाठीला चितेंजेने, म्हणजे तिथल्या बायका अंगाला गुंडाळतात त्या कापडाने, बाळ बांधलेली एक बाई आपल्या वाट्याची खोदाई संपवून दुसरीच्या वाट्याला लागली होती. आम्ही मातीच्या गाड्या ढकलायला शिकलो, पाणी आणले, धुम्मस चालवली. कामाचे असे मी केले ते खुंट्यांवर रेघा मारण्याचे, म्हणजे कुठे किती खणायचे आणि कुठे किती भरायचे हे सांगण्याचे.

दक्षिणेकडच्या गोलासमोर, नेमक्या पेनल्टीच्या जागेवर, माणसाच्या उंचीचे वाळवीचे वारूळ होते. आमच्या आराखड्यात ते 'हटवणे' एवढ्या एका शब्दात संपवले होते. पण त्या वारुळाला मालकीण होती. नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला की त्यातून पंख फुटलेल्या वाळव्यांचे थवे बाहेर पडतात, त्यांना इन्स्वा म्हणतात, आणि त्या भाजून खातात. या वारुळाच्या इन्स्वावर एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा हक्क होता, त्यांच्या सासूच्या काळापासूनचा. त्या येऊन वारुळाला पाठ लावून बसल्या आणि त्या दिवशी काम थांबले. संध्याकाळी प्रमुखांच्या अंगणात बैठक झाली. प्रमुखांनी आपल्या शेताच्या बांधावरचे एक वारूळ त्यांना देऊ केले. बाईंनी ते आधी जाऊन पाहिले, काठीने ठोकून पाहिले, आणि मगच होकार दिला.

वारूळ काढायला अडीच दिवस लागले. वरचा ढीग पाडणे सोपे असते. पण खाली राणीची कोठडी सापडेपर्यंत खणावे लागते, नाहीतर तेच वारूळ पुन्हा वर येते. ती कोठडी जमिनीखाली हातभर सापडली: भाकरीएवढी, चपटी, कडक, आणि आत बोटाएवढी जाड पांढरी राणी. माती इतकी चिकट होती की कुदळीला लागलेली माती दगडावर घासून काढावी लागे. त्यातली निम्मी बायकांनी घरची जमीन सारवायला नेली आणि उरलेली आम्ही दोन्ही गोलांसमोर पसरून ठोकली. मैदान सर्वांत आधी गोलासमोरच उखणते, आणि तिथे वारुळाच्या मातीइतके टिकाऊ दुसरे काही नाही, ही सूचना गावातल्या सुताराची होती.

गोलाचे खांबही त्यांनीच केले. लोखंडी खांब ठरलेल्या यादीत होते, पण आले नाहीत. निलगिरीचे सरळ सोट निवडून, जमिनीत जाणारे टोक विस्तवावर काळे करून आणि वर गाडीचे जळके तेल चोपडून त्यांनी वाळवीचा बंदोबस्त केला. आडव्या दांड्याचा प्रश्न अवघड होता. खांबांमधले अंतर ७ मीटर ३२ सेंटिमीटर असते, आणि इतका लांब लाकडी सोट मध्ये लवतोच. त्यांनी मुद्दाम किंचित वाकडा सोट घेतला आणि त्याचा बाक वरच्या दिशेला ठेवून बसवला. स्वतःच्या वजनाने तो जवळजवळ सरळ झाला. मी दांड्याच्या खालच्या कडेची उंची तीन ठिकाणी मोजली. २ मीटर ४४ सेंटिमीटर हवी होती, मध्ये फक्त एक सेंटिमीटर कमी भरली.

मुलींचा विषय दुसऱ्या आठवड्यात निघाला. ताबिथा आणि तेम्वा या फुटबॉलपटू चाविंगा भगिनी रुम्फी जिल्ह्यातल्याच. तेम्वाने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या महिला लीगमध्ये एका हंगामात २० गोल केले आणि ती त्या लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्यामुळे इथल्या मुली मैदानावर हक्क सांगतील अशी माझी समजूत होती. काही मुलींनी तो सांगितलाही. पण गावातल्या बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की त्यांना नेटबॉलचे अंगण हवे आहे. मलावीत नेटबॉल हा बास्केटबॉलसारखा, कडीत चेंडू टाकायचा, बायकांचा खेळ आहे, तिथल्या राष्ट्रीय संघाला 'क्वीन्स' म्हणतात आणि तो जगातल्या चांगल्या संघांत मोडतो. आराखड्यात नेटबॉलचा उल्लेखही नव्हता. मैदानाच्या वरच्या अंगाला एक पट्टा मोकळा होता, तिथे मी ३०.५ बाय सव्वापंधरा मीटरची चौकट आखून दिली. दोन दिवसांत त्यांनी ती स्वतः तयार केली, ३ मीटर ५ सेंटिमीटर उंचीची कडी बसवली, आणि फुटबॉलच्या मैदानाची भर अजून अर्धी असताना तिकडे सामने सुरूही झाले. संस्थेला पाठवायच्या अहवालात हे अंगण कुठल्या रकान्यात लिहावे हे आमच्या गटप्रमुखांना शेवटपर्यंत सुचले नाही.

६ जुलै हा मलावीचा स्वातंत्र्यदिन. १९६४ मध्ये याच दिवशी न्यासालँडचे मलावी झाले. त्या दिवशी मैदानाच्या तयार झालेल्या अर्ध्या भागात राखेच्या रेघा आखून मुलांनी सामना खेळला. मोरोक्कोविरुद्ध मलावीच्या गबादिन्हो म्हांगोने जानेवारी २०२२ मध्ये लांबून मारलेला गोल प्रत्येक मुलगा पुन्हा मारून पाहत होता. मलावी तो सामना २-१ असा हरला होता, पण आफ्रिका चषकाच्या बाद फेरीत पोहोचण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती, आणि मुलांच्या खेळात मोरोक्कोचे दोन गोल कधीच होत नव्हते.

आम्ही निघालो तेव्हा मैदान लाल, उघडे आणि धुळीचे होते. गवत लावणे शक्यच नव्हते. आम्ही ज्याला हरळी म्हणतो तेच गवत तिथे कपिंगा म्हणून ओळखले जाते, आणि त्याचे तुकडे पावसाच्या तोंडावर लावावे लागतात. जुलैत लावले तर वाळून जातात. संस्थेच्या पत्रकावर मात्र हिरवेगार मैदान होते. आमच्या तारखा स्वयंसेवकांच्या सुट्ट्या पाहून ठरवल्या होत्या, तिथला पाऊस पाहून नव्हे, हे मी अहवालात लिहिले. त्यावर आभाराचे पत्र आले. जाण्यापूर्वी एवढेच करता आले की पूर्वेच्या कडेला पाणी अडवणारा चर खणून घेतला आणि गवताचा हिशेब क्रीडा शिक्षकांना लिहून दिला: ३० सेंटिमीटर अंतराने लावायचे तर साठ हजार तुकडे.

डिसेंबरात त्यांचा संदेश आला. शाळेतल्या मुलांनी ओढ्याकाठची कपिंगा उपटून आणली होती, बायकांनी नेटबॉलच्या अंगणाभोवतीही ती लावली होती, आणि मैदानाचा बराचसा भाग लावून झाला होता. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र पाणी साचत होते. मी वही काढली. त्या कोपऱ्यातल्या खुंटीच्या आकड्यापुढे माझ्या अक्षरात एक लहानसे प्रश्नचिन्ह होते. नळीत त्या वेळी बुडबुडा असावा अशी शंका मला आली होती, आणि दुपार झाली म्हणून मी ती मोजणी पुन्हा घेतली नव्हती. चूक माझी आहे आणि तिथे १२ सेंटिमीटर भर कमी पडली असावी, असे मी सविस्तर लिहून कळवले. उत्तर त्याच संध्याकाळी आले. त्यांना ते पाणी पाहूनच कळले होते, आणि आदल्याच आठवड्यात तिथे मातीच्या चाळीस गाड्या टाकून त्यावर गवत लावून झाले होते.