काचांना घाम फुटतो तेव्हा

नोव्हेंबर लागला की जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या आमच्या भाड्याच्या घरात सकाळी सगळ्या काचा निथळायच्या. बेडरूममध्ये तर ओघळ चौकटीत साचून रबराच्या पट्टीवर काळी बुरशी धरली. इमारत सत्तरच्या दशकातली, काचा दुहेरी पण जुन्या. घरमालकांचं एकच पालुपद: खिडक्या उघडत जा.

बाहेर धुकं, बुरबुर पाऊस, आणि खिडक्या उघडायच्या? मी चिपळूणची. पावसाळ्यात दमट हवा घरात शिरली की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, हे लहानपणापासून पाहिलेलं. सल्ला पटेना, म्हणून एक स्वस्तातला आर्द्रतामापक आणला आणि हिशेब मांडून पाहिला. शून्य अंशाची हवा घनमीटरमागे जेमतेम 5 ग्रॅम बाष्प धरते, 20 अंशांची 17 ग्रॅम. म्हणजे बाहेरची ओलीगच्च वाटणारी हवा घरात येऊन तापली की तिची आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली! कोकणात आतबाहेर सारखाच उकाडा, त्यामुळे तिथे हे गणित चालत नाही.

बाष्प आमचंच होतं. कुकर, कढत पाण्याची आंघोळ, रात्रभराचा श्वास. पण खरा मान बेडरूममधल्या कपड्यांच्या स्टँडचा, कारण मशीनभर ओले कपडे वाळताना दीड-दोन लिटर पाणी हवेत सोडतात. मापक रात्री 70 दाखवायचा. 20 अंशांच्या खोलीत 70 टक्के आर्द्रता असली की 14 अंशांच्या पृष्ठभागावरही दव धरतं, आणि कडाक्याच्या थंडीत आमची काच आतून त्याहून गार. आर्द्रता 50 वर आणली तर तोच आकडा 9 होतो.

स्टँड तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत गेला. सकाळ-संध्याकाळ रेडिएटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. "अगं, सगळी ऊब बाहेर चाललीय," नवरा कुरकुरला. पण तेवढ्यात फक्त हवा बदलते. भिंती आणि सामान गरमच राहतं. खिडकी दिवसभर तिरकी, म्हणजे वरून जराशी आत झुकवून उघडी ठेवली, तर मात्र भोवतालची भिंत गारठते आणि तिथेच बुरशी धरते. रेडिएटरवर लोंबणारे जाड पडदेही आखूड केले, नाहीतर ऊब काचेपर्यंत पोचतच नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. रबरावरची बुरशी 70 टक्के अल्कोहोलने पुसली, खिडकी उघडी ठेवून आणि मेणबत्त्या विझवून.

स्वयंपाकघरातली एक काच मात्र कशालाच बधेना. वाफ दोन काचांच्या मधे होती. कडेचं सील गेलं की पुसून उपयोग नसतो. फोटो मालकांना पाठवला, बऱ्याच टोलवाटोलवीनंतर काच बदलून मिळाली. बाकीच्या खिडक्यांच्या तळाशी, दोन काचांमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीजवळ, उणे तापमानात अजून बोटभर ओल धरते. ती फडक्याने टिपून घेते.