सव्वीसाव्या वर्षी म्हातारा झालो राव

आज सकाळी ब्रशवर पेस्ट घ्यायला गेलो तर ट्यूबचं टोपणच फिरंना, बोटं अशी आखडलेली की शेवटी आईनं उघडून दिलं. चिकनगुन्याचा ताप जाऊन महिना झाला, ताप चार दिवसांत पळाला पण सांधे काय सोडंनात. मनगट, घोटे सुजल्यात आणि सकाळचा पहिला तास तर जिना उतरताना शेजारच्या आजी माझ्या पुढं जातात (वर म्हणतात "सावकाश रे बाळा").

आज परत डॉक्टरांकडं गेलो. मी विचारलं संधिवात झाला का हो मला, ह्या वयात? ते म्हणाले, विषाणू रक्तातनं कधीच गेलाय, पण प्रतिकारशक्ती अजून शांत झाली नाही म्हणून सांधे सुजतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं, काहींना महिने लागतात, तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं स्टिरॉइड अजिबात घ्यायचं नाही, हे दोनदा सांगितलं, कारण मित्रानं दिलेली गोळी मी खिशात घेऊनच गेलेलो 😅

चिकनगुन्या हा शब्द टांझानियाकडच्या माकोंदे भाषेतला, अर्थ वाकून जाणं. १९५२ च्या साथीत तिकडंच हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. नाव ठेवणाऱ्यानं मला बघूनच ठेवल्यागत वाटतंय.

येताना रंकाळ्यावर अर्धी फेरी मारली, हळूहळू. तालमीतली पोरं भेटली, म्हणाली भावा जोर कधी मारणार? आधी टोपण तर उघडू दे म्हटलं. घरी आल्यावर गच्चीवरचं बिनझाकणाचं बॅरल मात्र पहिलं रिकामं केलं, चिकनगुन्या पसरवणारा डास दिवसा चावतो आणि असल्याच साठलेल्या पाण्यात वाढतो.