मॉन्ट्रियलचा बर्फ ठेवायचा कुठे?

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये एका हिवाळ्यात सरासरी दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. पाहुणे हे ऐकून डोळे विस्फारतात. तिथे राहणाऱ्याला मात्र पडणाऱ्या बर्फाचं फारसं कौतुक नसतं. त्याची विवंचना एवढीच, की हा ठेवायचा कुठे? पाऊस कितीही पडो, पाणी उतार शोधून निघून जातं. बर्फ पडला तिथेच बैठक मारतो, आणि उचलून नेला नाही तर वसंत येईपर्यंत ढिम्म हलत नाही. त्यामुळे हिवाळाभर शहर आणि शहरवासी एकच उद्योग करतात: इथला बर्फ तिथे.

पहिली फेरी मिठाची. रस्त्यावर मीठ टाकलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि बर्फ डांबराला चिकटत नाही. पारा उणे १५च्या खाली गेला, की मीठ जवळजवळ निकामी होतं. मग बारीक खडी टाकतात. ती काही वितळवत नाही, नुसती पकड देते. नव्याने आलेला माणूस उणे वीसमध्ये पायऱ्यांवर मुठी-मुठीने मीठ उधळतो आणि तरीही घसरतो, तो यामुळे.

अडीच सेंटीमीटर बर्फ साचला की नांगर लावलेल्या गाड्या निघतात. पदपथांवर रणगाड्यासारखे पट्टे असलेली छोटी यंत्रं फिरतात, त्यांना तिथे फ्रेंचमध्ये ‘शनियेत’ म्हणतात. ती अरुंद पदपथावरून ज्या वेगाने येतात तो पाहता, बाजूला होण्यातच शहाणपण. पण नांगर बर्फ नेत नाही, फक्त कडेला लोटतो. कडेला काय असतं? आपल्या अंगणाचं तोंड. तासभर खपून गाडीची वाट मोकळी करावी, आणि नांगराने जाता जाता तिच्या तोंडावर गुडघाभर बांध घालून ठेवावा: पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हा बांध भुसभुशीत नसतो. दाबलेला, मीठ-पाणी प्यायलेला असतो, आणि रात्रभर राहिला तर दगड होतो. तो ताजा असतानाच फोडावा. उपसलेला बर्फ परत रस्त्यावर टाकायचा मोह होतो, पण त्याला दंड आहे.

अंगणातला बर्फ किती जड असतो याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पाच मीटर रुंद, दहा मीटर लांब जागेवर २० सेंटीमीटर बर्फ म्हणजे दहा घनमीटर. ताजा, हलका असला तरी त्याचं वजन एक टनाच्या घरात जातं, ओला असला तर दोन-तीन टन. म्हणून जाणकार वादळ थांबायची वाट न पाहता दर दहा सेंटीमीटरला एकदा फावडं फिरवतात. उचलण्यापेक्षा ढकलतात, आणि उचलावंच लागलं तर कंबर न वळवता पूर्ण अंग वळवतात. फावड्याला थोडं खायचं तेल लावलं की बर्फ चिकटत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यातच हे ओझं, म्हणून मोठ्या बर्फानंतर हृदयविकाराचे झटके वाढतात. पन्नाशीपुढच्यांनी हे काम पोरांना सांगण्यात कमीपणा नाही. गाडी सुरू करण्याआधी मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढायचा, हेही विसरू नये. नळी बुजली असेल तर विषारी वायू आत शिरतो.

बर्फ १० ते १५ सेंटीमीटरच्या पुढे गेला, की खरी मोहीम सुरू होते, भरून नेण्याची. नारिंगी पाट्या लागतात: सकाळी सात ते संध्याकाळी सात, नाहीतर संध्याकाळी सात ते सकाळी सात, इथे गाडी लावू नये. ठरलेल्या वेळी टोइंगचा ट्रक भोंगा वाजवत फिरतो. त्या दोन सुरांच्या आवाजाने गाढ झोपेतला माणूस पायजम्यावर जाड कोट चढवून जिना उतरतो. नाही उतरला तर गाडी उचलून जवळच्या साफ झालेल्या रस्त्यावर ठेवतात. ती शोधायची आणि दंडही भरायचा. हे क्रूर वाटतं, पण एक गाडी राहिली तर यंत्राला तिला वळसा घालावा लागतो आणि तिच्याभोवतीचा ढिगारा गोठून पुढच्या मोहिमेपर्यंत जागा अडवून बसतो. मला विचाराल तर या शहराची बर्फसफाई यंत्रांवर कमी आणि गाडीवाल्यांच्या शिस्तीवर जास्त चालते.

रस्ता रिकामा झाला, की ग्रेडर, म्हणजे पोटाखाली रुंद पातं असलेली गाडी, बर्फाची लांब रास करतो. मागून ब्लोअर ती रास गिळत शेजारून सावकाश चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकतो. ब्लोअरच्या पुढे लक्ष ठेवायला एक माणूस असतो, कारण राशीत शिरून खेळणारी मुलं चालकाला दिसत नाहीत. हे यंत्रही इथलंच: आर्थर सिकार यांनी १९२५ साली ते बनवलं, कल्पना म्हणे मळणीयंत्रावरून सुचली, आणि पहिलं गिऱ्हाईक १९२७ मध्ये शेजारचं उत्रमों हे नगर मिळालं.

२० सेंटीमीटर पडला तर सगळं शहर मोकळं करायला चार-पाच दिवस लागतात, कारण रस्ते आणि पदपथ मिळून लांबी दहा हजार किलोमीटर भरते. आधी मोठे रस्ते, बसमार्ग, इस्पितळांचे परिसर, गल्ल्या शेवटी. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागोपाठच्या दोन वादळांत चार दिवसांत ७० सेंटीमीटरहून जास्त पडला, तेव्हा हे गणित कोलमडलं आणि गल्लीबोळांत लोक बरेच दिवस वैतागून बसले.

वर्षाला सुमारे तीन लाख ट्रक भरतात. पूर्वी हा माल सरळ सेंट लॉरेन्स नदीत जात असे, मीठ, तेल आणि गाड्यांच्या घाणीसकट. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते बंद झालं. आता काही ठिकाणी तो मोठ्या सांडपाण्याच्या वाहिन्यांत ओततात. घराघरांतून आलेल्या कोमट पाण्यात तो वितळतो आणि शुद्धीकरण केंद्रात पोहोचतो. बाकीचा मोकळ्या जागांवर, आणि सर्वात मोठा वाटा सां-मिशेल या भागातल्या फ्रांकों या जुन्या चुनखडीच्या खाणीत. तिथल्या डोंगरावर ऊन लागलं की वरचा बर्फ वितळतो, मातीची घाण मात्र वरच उरते आणि गोधडीसारखी आतल्या बर्फाला झाकून ठेवते. भर उन्हाळ्यात, तीस अंशांतही, तिथे काळपट बर्फ शिल्लक असतो.

आणखी एक जागेची भानगड. रस्त्याकडेला स्वतः उपसून काढलेली पार्किंगची जागा कायद्याने कोणाचीच नसते. तुम्ही कामावर गेलात की आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतो. काही जण जागा राखायला खुर्ची ठेवतात. ती उचलून कडेला ठेवून गाडी लावली, तरी तक्रार करायला वाव नाही.

एप्रिलमध्ये बर्फाखालची सगळी खडी उघडी पडते. ती झाडायला ब्रशवाल्या गाड्या येतात, आणि बऱ्याच भागांत एक तारखेपासून झाडलोटीच्या पार्किंगबंदीच्या वेळा लागू होतात. त्या पाट्या वाचून गाडी परत हलवावी लागते, आणि नाही हलवली तर दंड आहेच.