तऱ्हेवाईकांची नोंदवही

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं, हे आता पोरंसोरंही सांगतात. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त आवडते. तो पोहायला लागला की अंगभर रक्त पोचवणारं हृदयच थांबतं. दमछाक होणारच; म्हणून जमेल तिथे स्वारी तळाशी सरपटत जाते. वॉम्बॅट या ऑस्ट्रेलियातल्या गुबगुबीत प्राण्याच्या लेंड्या ठोकळ्यांसारख्या चौकोनी पडतात, त्यालाही कारण आहे. त्याच्या आतड्याची भिंत कुठे ताठ, कुठे सैल. शेवटच्या टप्प्यात पाणी शोषलं जाताना त्या असमान ताणामुळे कोपरे उमटतात. प्राणी कितीही तऱ्हेवाईक वाटला, तरी आत डोकावलं की उलगडा होतो.

माणसाचं तसं नाही. आपला तऱ्हेवाईकपणा अंगात कमी, कागदोपत्री जास्त.

1457 साली फ्रान्समधल्या साविन्यी इथे एका डुकरिणीवर रीतसर खटला चालला. पाच वर्षांच्या मुलाला मारल्याचा आरोप. ती दोषी ठरली आणि मागच्या पायांनी झाडाला टांगण्याची शिक्षा झाली. सहा पिल्लंही आरोपी होती. अंगावर रक्त होतं, पण सहभागाचा पुरावा मिळेना, म्हणून वाचली. डुकराच्या पिल्लांना संशयाचा फायदा देणाऱ्या न्यायाधीशाचं हसू येतं, आणि त्या मुलाची आठवण झाली की जिरतं.

1518 साली स्ट्रासबुर्गमध्ये एक बाई रस्त्यात नाचू लागली, थांबेचना. महिनाभरात नाचणारे शेकड्यांनी झाले. वैद्यांनी सांगितलं, रक्त तापलंय, आणखी नाचू द्या. मग नगरपालांनी जागा मोकळ्या केल्या, वाजंत्री बसवले. रोग अर्थातच वाढला.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा 1932 चा. पश्चिम ऑस्ट्रेलियात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शेतीसाठी जमिनी दिल्या होत्या. त्यांच्या गव्हात हजारो एमू, म्हणजे शहामृगासारखे न उडणारे उंच पक्षी, घुसले. जुने सैनिकच ते, त्यांनी थेट मशीनगन मागितल्या! मेजर मेरेडिथ दोन लुईस गन आणि दहा हजार गोळ्या घेऊन आले. दबा धरून बसावं, तर ऐन वेळी बंदूक अडकली. ट्रकवर चढवावी, तर खाचखळग्यांत नेम धरणंच अशक्य. आणि एमू पुढे पळतायत. गोळीबार सुरू झाला की कळप फुटून चहूकडे पांगायचा. कुठल्याही सेनापतीला हेवा वाटावा अशी शिस्त, तीही सेनापतीविना.

मेरेडिथनी शेवटी हिशेब दिला: 986 एमू ठार, गोळ्या 9,860. दर पक्ष्यामागे बरोबर दहा. एवढा सुबक हिशेब बघितला की मला तर आधी शंकाच येते. शेतकऱ्यांनी 1934, 1943 आणि 1948 साली पुन्हा लष्कराची मदत मागितली. सरकारने तिन्ही वेळा हात जोडले.