आईसाठी खुर्ची

परवा व्हिडिओ कॉलवर एका जुन्या मैत्रिणीने विचारलं, "तुमच्या तिकडे म्हणे बाळं जन्मतःच व्यसनी असतात?" ती स्वतः नर्स आहे, त्यामुळे प्रश्नात चोंबडेपणा नव्हता. तरी मी आधी तिचा शब्द दुरुस्त केला आणि उत्तर नंतर दिलं. बाळ व्यसनी नसतं. सगळं हातातून चाललंय हे दिसत असूनही माणूस एखाद्या पदार्थामागे धावत राहतो, त्याला व्यसन म्हणायचं. दोन दिवसांचं बाळ कशामागे धावणार? त्याच्या शरीराला फक्त सवय झालेली असते. आईच्या रक्तातलं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं औषध किंवा नशेचा पदार्थ, वारेतून त्याच्यापर्यंत पोचत असतं. नाळ कापली की ते बंद होतं, आणि एक-दोन दिवसांत शरीर तक्रार करू लागतं. हातपाय थरथरतात, रडणं टिपेला जातं, दूध धड ओढता येत नाही, शी पातळ होऊन ढुंगण सोलवटतं, डोळा म्हणून लागत नाही. याला आम्ही विथड्रॉवल म्हणतो.

हे मी आता घडाघडा सांगते, पण 2012 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या दक्षिणेकडच्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात रुजू झाले तेव्हा मीही मैत्रिणीचाच शब्द वापरत होते. तेव्हा सगळेच वापरायचे.

नदीकाठच्या या पट्ट्यात आधी डॉक्टरांनी सढळ हाताने लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या आल्या. पैसे घेऊन हव्या तितक्या गोळ्या देणाऱ्या दवाखान्यांना इथे 'पिल मिल' म्हणत, गोळ्यांची गिरणी. 2011 मध्ये राज्याने त्यांच्यावर कायदा आणला. गिरण्या बंद झाल्या, पण शरीराची सवय कायद्याने थोडीच सुटते? मग हेरॉइन आलं आणि त्याच्या पाठोपाठ फेंटानिल, त्याहून कितीतरी जहाल कृत्रिम ओपिऑइड. संपूर्ण अमेरिकेत 2000 साली हजार जन्मांमागे 1.2 बाळांना विथड्रॉवलचं निदान होत असे, 2012 पर्यंत तो आकडा 5.8 वर गेला होता. म्हणजे मी आले ती लाट चांगलीच चढलेली असताना.

आमच्या हातात एक तक्ता असायचा. फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी 1970च्या दशकात तो तयार केला. त्याआधी या बाळांचं मोजमाप करायला काहीच नव्हतं, त्यामुळे त्या तक्त्याचे उपकार मोठेच आहेत. एकवीस लक्षणं, प्रत्येकाला गुण. सारख्या शिंका आल्या, एक गुण. सारख्या जांभया, एक. पाण्यासारखी शी, तीन. दूध पाजल्यावर तासभरही झोप नाही, तीन. दर तीन-चार तासांनी बेरीज करायची, लागोपाठ तीनदा आठ किंवा त्याहून जास्त आली की मॉर्फिन सुरू, म्हणजे त्रास आवरायला मोजून दिलेलं ओपिऑइडच. एकदा सुरू झालं की रोज थोडं थोडं कमी करत शून्यावर आणायचं, आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जायचे.

गंमत बघा, म्हणजे आज गंमत वाटते. बाळ मोठ्या हॉलमध्ये, डोक्यावर पांढरे दिवे, शेजारी तीन मॉनिटर किंचाळतायत. नुकतंच कुठे डोळे मिटलेले. मी जाऊन त्याला उठवायची, दुपटं सोडायची, कपडे काढायची, हात ओढून सोडून बघायची. ते अर्थातच थरथरायचं आणि किंचाळायचं. मी त्याचे गुण लिहायची. आणि झोप झाली नाही म्हणून आणखी तीन! ज्याला आम्हीच उठवलं होतं त्याला. असं वर्षानुवर्षं चाललं आणि माझ्या मनात प्रश्नसुद्धा आला नाही.

तक्त्यात एकवीस ओळी होत्या, पण आईची एकही ओळ नव्हती.

आया यायच्या. भेटायला. 'भेटायला' हाच शब्द आम्ही वापरायचो, जणू स्वतःचं मूल म्हणजे दूरचं नातं. प्रत्येक खाटेपाशी एक कडक, सरळ पाठीची खुर्ची. त्यावर आठ तास बसून दाखवा, तेही टाके ताजे असताना. बाळंतपणानंतर दोन दिवसांत आईला डिस्चार्ज मिळतो. त्यानंतर ती हॉस्पिटलची कोणीच नसते. तिला पलंग नाही, जेवणाचा ट्रे नाही. मूल मात्र पुढचे तीन आठवडे आमच्याकडे. घर पन्नास-साठ मैलांवर, गाडी असली तर असली.

एक आई अजून डोळ्यांपुढे येते. तेवीस-चोवीस वर्षांची, मेथाडोनवर होती, म्हणजे ओपिऑइडच्या व्यसनावर उपचार म्हणून रोज मोजून देतात त्या औषधावर. रोज सकाळी नऊ वाजून गेल्यावर यायची. आदल्या रात्री "उद्या लवकर ये, सातचं दूध तूच पाज" असं मी तिला बजावलेलं असायचं. मी नोंदवहीत लिहिलं, 'आई उशिरा आली.' दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. अशा नोंदी पुढे बालकल्याण विभागाची माणसं वाचतात, हे मला माहीत होतं. पाचव्या दिवशी मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं. ती म्हणाली, "मेथाडोनचं क्लिनिक पहाटे उघडतं. रांग असते. नर्ससमोर औषध प्यावं लागतं, घरी देत नाहीत. तिथून इकडे यायला दोन बस." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही लिहिता ते मला दिसतं."

मेथाडोनचा डोस ती एक दिवस जरी चुकवती तरी आम्हीच म्हटलं असतं, बघा, उपचार नीट घेत नाही.

इथे माझ्या अनेक वाचकांच्या मनात येईल की गरोदरपणात हे औषध तरी कशाला? सोडून का देत नाहीत? मलाही तेच वाटायचं. पण गरोदर बाईचं ओपिऑइड एकदम तोडलं तर ती पुन्हा नशेकडे वळण्याचा धोका फार मोठा असतो, आणि मधल्या खंडामुळे शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने नशेचा पूर्वीचाच डोस जिवावर बेततो. म्हणून इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस स्पष्ट आहे, मेथाडोन किंवा त्याच कामाचं दुसरं औषध, ब्युप्रेनॉर्फिन, चालू ठेवा. 2010 मध्ये या दोन औषधांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास आला. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आयांच्या बाळांना मॉर्फिन 89 टक्के कमी लागलं. म्हणजे मॉर्फिनची गरज आईने काय घेतलं यावरही ठरते. पण दोन्ही औषधांचा अर्थ एकच, ही बाई उपचार घेते आहे. जी बाळाला थरथरताना बघून मान खाली घालून बसते, ती खरं तर डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं करून आलेली असते.

आणि तिलाच मी 'उशिरा' लिहीत होते.

बदल आला तो येल विद्यापीठाच्या बालरुग्णालयातून. डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू हेवनला तक्ता बाजूला ठेवला आणि तीन साधे प्रश्न धरले. बाळ साधारण 30 मिली दूध घेतं का, किंवा अंगावर नीट पितं का? कुणी न उठवता तासभर झोपतं का? रडलं तर दहा मिनिटांत शांत करता येतं का? तिन्ही हो असेल तर शिंका मोजत बसू नका. नाही असेल तर आधी माणसं वाढवा, दिवे कमी करा, दुपट्यात घट्ट बांधा, उघड्या छातीशी धरा, आईला विश्रांती देऊन दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. एवढं करूनही जमलं नाही तर मॉर्फिनचा एक डोस द्या आणि पुन्हा बघा. बाळं अतिदक्षता विभागाऐवजी आईसोबत एका खोलीत. 2017 मध्ये त्यांनी आकडे छापले. सरासरी मुक्काम 22.4 दिवसांवरून 5.9 दिवसांवर, मॉर्फिन लागणारी बाळं 98 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर.

आमच्याकडे हे 2018 ला सुरू करायचं ठरलं तेव्हा सर्वांत जास्त कुरकुर आम्ही जुन्या नर्सनीच केली. "बाळ तळमळतंय आणि औषध द्यायचं नाही?" "आकड्याशिवाय डॉक्टरला फोन कसा करायचा?" त्यात थोडा अहंकारही होता, आता कबूल करते. तक्ता भरणं हे कौशल्य होतं, आम्ही त्यात तरबेज होतो. बाळाला मांडीवर घेऊन अंधाऱ्या खोलीत बसणं हे काय नर्सचं काम? ते तर कुणालाही येतं.

येतं, पण रात्री तीन वाजता, सलग चौथ्या तासाला येतंच असं नाही. आईची पाठ मोडलेली असते. तिचा स्वतःवरचा विश्वास तर केव्हाच उडालेला असतो. नर्सने करायचं काम नेमकं तिथे सुरू होतं. बाळाला उभं धरून अंग कसं हलकेच डोलवायचं, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत कारण तेवढंही त्याला जास्त होतं, एका वेळी एकच गोष्ट, डोलवणं किंवा गाणं, दोन्ही नाही. मी मराठीत गुणगुणते. एका आईने विचारलं, याचा अर्थ काय? चिमणी-कावळ्याचं काहीतरी, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती तिच्या उच्चारात तेच गुणगुणत होती.

मॉर्फिन जपून द्यायचं म्हणजे बाळाला तडफडत ठेवणं नव्हे, हे आम्हाला पटायला वर्ष लागलं. 2023 मध्ये 26 हॉस्पिटलांतल्या 1,305 बाळांवर झालेला अभ्यास छापून आला. घरी जायला तयार व्हायला जुन्या पद्धतीत सरासरी 14.9 दिवस, नव्या पद्धतीत 8.2. औषध लागलेली बाळं 52 टक्क्यांवरून 19.5 टक्के. तोवर आमच्यातल्या कुणाचा विरोध उरला नव्हता.

खर्चाचा सगळ्यात मोठा भाग कोणता होता सांगू? यंत्र नव्हे. पाठ मागे जाऊन पलंग होणारी खुर्ची, प्रत्येक खोलीत एक. आणि डिस्चार्ज झालेल्या आईसाठीही जेवणाचा ट्रे. त्या ट्रेसाठी ज्या बैठका झाल्या, त्यांचं इतिवृत्त कुणी ठेवलं असेल तर ते वाचनीय असेल.

पण खुर्ची दिली म्हणून आई तिच्यात बसेलच असं नाही. आधी तिला हॉस्पिटलात पाऊल टाकायचं धाडस हवं. मूल काढून घेतील, या भीतीने कितीतरी जणी गरोदरपणात एकदाही तपासायला येत नाहीत. ती भीती हवेतून आलेली नाही. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये एका सरकारी रुग्णालयाने गरोदर बायकांची लघवी तपासून निकाल पोलिसांच्या हाती दिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2001 मध्ये न्यायालयाने सांगितलं, संमतीशिवाय अशी तपासणी करणं घटनेत बसत नाही. टेनेसी राज्याने 2014 मध्ये तर अशा आयांवर फौजदारी गुन्हा लावायचा कायदा केला. दोन वर्षांनी त्याची मुदत संपली, तो पुढे चालू ठेवला नाही. आणि कोणाला तपासायचं, हे चेहरा बघून ठरत असे. फ्लोरिडाच्या एका परगण्यातला 1990 चा अभ्यास आहे. गोऱ्या आणि काळ्या गरोदर बायकांमध्ये नशेचं प्रमाण जवळपास सारखं, पण यंत्रणेकडे तक्रार गेली ती काळ्या बायकांची, दहापट.

आता आमच्याकडे नियम आहे, प्रत्येकीला तेच प्रश्न, तोंडी, डॉक्टरची बायको असो वा कुणी. लघवी तपासायची तर सांगून, विचारून. तपासणीलाही डोळे झाकून मानायचं नाही, कारण कळांसाठी पाठीतून आम्हीच दिलेल्या एपिड्युरलमधलं फेंटानिल नंतर आईच्या लघवीत दिसू शकतं. आमचंच औषध आणि तिचीच चौकशी! 2016 च्या एका केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक बाळासाठी 'सुरक्षित संगोपनाचा आराखडा' करावा लागतो. सोशल वर्कर तो गरोदरपणातच आईसोबत बसून लिहू लागली, तेव्हापासून तो शिक्षेसारखा वाटेनासा झाला आहे. काही ठिकाणी मात्र अजूनही तो शेवटच्या दिवशी घाईघाईत भरतात. तसा भरायचा असेल तर कागद वाया.

अंगावरच्या दुधाबद्दल बरेच जण विचारतात. आई मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर असेल, बाकी काही घेत नसेल तर पाजायचं, पाजायलाच हवं. दुधातून जाणारं औषध अगदी थोडं असतं.

मला आता धास्ती वाटते ती घरी गेल्यानंतरची. मॅसॅच्युसेट्समधल्या आयांची माहिती पाहून संशोधकांना आढळलं की ओव्हरडोसचं प्रमाण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत कमी, आणि बाळ सात ते बारा महिन्यांचं असताना सर्वांत जास्त. गरोदरपणात सगळे तिच्याभोवती असतात. बाळ रांगायला लागेपर्यंत सगळे पांगलेले. सरकारी आरोग्यविमाही पूर्वी बाळंतपणानंतर साठ दिवसांत संपू शकायचा. 2022 पासून राज्यांना तो वर्षभर चालू ठेवता येतो आणि बहुतेक राज्यांनी तसं केलं आहे. आम्ही घरी पाठवताना लंगोटाच्या पिशवीत नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे ठेवतो, आणि तिच्या घरच्या माणसाला तो कसा वापरायचा ते दाखवतो. तो तिच्यासाठी असतो. तो बाळाला द्यायचा नसतो, हे मी तीनदा म्हणवून घेते, कारण अशा नवजात बाळाला त्याने झटके येऊ शकतात.

गेल्या आठवड्यात रात्रपाळी होती. सात नंबरच्या खोलीत चार दिवसांचं बाळ आणि त्याची आई, ती मेथाडोनवर. मावळत्या शिफ्टच्या नर्स मुलीने रिपोर्ट दिला: "दूध घेतंय, झोपतंय, थोपटलं की पाच मिनिटांत गप्प. आई पहाटे पाचला क्लिनिकला निघेल, साडेसातपर्यंत येईल. तेवढा वेळ कोण घेणार ते आत्ताच ठरवून ठेव." ही मुलगी दोन वर्षांपूर्वी कामाला लागली. तिने तो तक्ता कधी भरलेलाच नाही.

पाचला आई उठली. मी खुर्ची सरळ केली नाही, तशीच पसरलेली ठेवली. बाळाला घेऊन खुर्चीवर टेकले आणि फळ्यावर आधी लिहून ठेवलं, 'आई औषध घ्यायला गेली आहे, साडेसातला येईल.' ती सात वाजून दहा मिनिटांनी आली. बसमधून उतरून धावत आली असणार, दम लागला होता.