माइक नसलेल्या कार्यक्रमाची परवानगी: माझा अनुभव

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या सांस्कृतिक भवनात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं), एक चेलो (खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य), आणि वाजवणारे मुंबईचे चार तरुण. वादक तयार होते, हॉल रिकामा होता, वर्गणीही जमली. अडलं ते एका रकान्यावर. त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. पुढे कुणाला असा कार्यक्रम करायचा असेल तर त्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून लिहितो.

भवनाची पावती फाडायला गेलो तर आधी परवानगीचा कागद आणा म्हणाले. परवानगी देणाऱ्या कचेरीतल्या छापील अर्जात एक रकाना होता, ‘ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्याचे नाव व पत्ता’. मी तिथे ‘नाही’ लिहिलं. बाबूंनी अर्ज परत सरकवला.

“नाव लिहा ना जी.”

“माइक लावणारच नाही आम्ही.”

“माइक नाही तं कार्यक्रम कायचा? लोकायले ऐकू कसं येईन?”

आमची पूर्व विदर्भातली झाडीपट्टी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, दंडारीचे लोकनाट्याचे खेळ आणि रात्रभर चालणारी नाटकं. त्या टेबलावरचा प्रत्येक अर्ज भोंग्यांचाच असतो, म्हणून त्यांना प्रश्न पडला याचं मला काहीच वाटलं नाही. मी नीट समजावून सांगितलं. हे संगीत मुळात माइकशिवायच ऐकायचं असतं. चेलोच्या लाकडी पोटातून निघणारा आवाज भोंग्यातून आला की त्याचं सगळं मार्दव जातं. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं टाटा थिएटर १९८० साली उघडलं, तेही माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं अशाच बेताने बांधलंय. बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे जी, पण रकाना कोरा चालत नाही.”

संताप आला तो इथे. पटलं होतं, तरी कागद हलेना. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, सोमवारी या. सोमवारी गेलो तर भवनाची पावती जोडा म्हणाले. पावतीवाले म्हणाले, परवानगीशिवाय पावती कशी देऊ? दोन कचेऱ्यांच्या मध्ये मी चपला झिजवत होतो आणि तिकडे वादकांची तिकिटं काढायची खोळंबली होती. शेवटी एकाने सुचवलं, “भाऊ, एखाद्या साउंडवाल्याचं नाव टाकून द्या. पेटी आणून कोपऱ्यात ठेवा, कोण पाहते?” पुष्कळ जण तेच करतात. मी केलं नाही. जे वापरायचं नाही त्याचं खोटं नाव सही करून द्यायचं, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच रकान्यावर अडायचं, हे मला मंजूर नव्हतं.

मग नियमच काढून वाचला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधला नियम ५. लेखी परवानगी लागते ती ध्वनिक्षेपक वापरायला. छापील अर्ज बाजूला ठेवून साध्या कागदावर लिहिलं: ‘कार्यक्रम बंदिस्त सभागृहात, सायंकाळी ६ ते ८. ध्वनिक्षेपक किंवा ध्वनिवर्धक यंत्रणा वापरली जाणार नाही. तरीही परवानगी आवश्यक असल्यास कोणत्या नियमान्वये, ते लेखी कळवावे.’ हा अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक पडला की कागदाला कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. साहेबांनी बोलावलं, उभ्या उभ्या वाचलं आणि खाली लिहून दिलं, ‘ध्वनिक्षेपकविरहित, हरकत नाही.’ त्या ओळीची झेरॉक्स दाखवताच पावती लगेच फाटली. बाहेर टपरीवर चहा घेताना मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

वादकांच्या प्रवासाबद्दल आधीच सांगायला हवं होतं. चेलोला रेल्वेत सामानात टाकू देऊ नका. आणि उन्हाळ्यात तर बोलावूच नका. आपल्याकडच्या उन्हात वाद्यांचे सरसाने जोडलेले सांधे सुटतात. धान घरात आल्यावरचे दिवस चांगले, लोकांनाही सवड असते.

भवनातल्या खुर्च्या हातवाल्या प्लास्टिकच्या होत्या. त्यात बसून कोपर हलत नाही, गज ओढता येत नाही. शाळेतून बिनहाताच्या लाकडी खुर्च्या आणल्या. चेलोच्या खालची लोखंडी दांडी गुळगुळीत फरशीवर सरकत होती, म्हणून सुतळीचा फास करून खुर्चीच्या पायाला बांधला आणि त्यात दांडीचं टोक अडकवलं. वादक मुलगी खूश झाली. पंखे बंद ठेवा, त्यांची घरघर सुरांवर चढते. तरी वादकांसमोरचे स्वरलिपीचे कागद उडतातच, त्यांना कपड्यांचे चिमटे लावा.

रचना निवडताना मी एक हट्ट धरला, द्वोर्झाकचं ‘अमेरिकन’ चौकडीवादन, म्हणजे याच चार वाद्यांसाठीची रचना, हवंच. न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्या या चेक संगीतकाराने ते १८९३ च्या उन्हाळ्यात आयोवातल्या स्पिलव्हिल या खेड्यात लिहिलं. सुरुवातीची चाल व्हिओलावर येते आणि ती पाच सुरांची आहे, सा रे ग प ध. आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी माझा दंड धरला आणि मोठ्याने म्हणाले, “अरे, हा तं भूप आहे!” पुढचे चार जण वळून पाहू लागले, पण मी काकांना गप्प केलं नाही. या संगीतात टाळी रचना पूर्ण संपल्यावर वाजवायची रीत आहे. रचनेच्या दोन भागांमधल्या थांब्यांवर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हाही कुणाला टोकलं नाही आणि तुम्हीही टोकू नका. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आवडलं तर तो टाळी वाजवणारच.

यंदा क्लॅरिनेट घेऊन पाच जण येणार आहेत. अर्ज मंडईचा हंगाम लागायच्या आधीच आवकमध्ये टाकतो आहे आणि त्याला गेल्या वर्षीचा शेरा जोडतो आहे. अर्जाचा पूर्ण मजकूर कुणाला हवा असेल तर मागा, पाठवतो.